जिवंत पकडण्याचे शौर्य

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदला मुक्कामाला येते, त्या दिवशी या गावात पोलिसाचे जे रूप दिसते ते पाहण्यासारखे असते. लाखोंचा जनसमुदाय, बाजारपेठेतील अरुंद रस्ते, दिंड्यांच्या मालमोटारी, वरून पावसाची रिपरिप आणि या साऱ्याच्या मधोमध भिजलेल्या गणवेशात उभा असलेला एखादा शिपाई. त्याच्या हातात लाठी असते. पण ती उगारण्याची वेळ सहसा येत नाही. ती आडवी धरून तो वाट अडवतो, हात लांब करून वाट दाखवतो आणि ‘माउली, जरा मागे सरा’ एवढ्या शब्दांवर माणसांची भिंत मागे सरते. त्या क्षणी पोलिसाची सत्ता त्याच्या शस्त्रात नसते. ती त्याच्या शब्दात असते आणि त्या शब्दामागे उभ्या असलेल्या कायद्याच्या वजनात असते.

आता याच शिपायावर येणारा दुसरा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. रात्री ठाण्यात दूरध्वनी खणखणतो. कुठल्याशा वाडीत एकजण कोयता घेऊन अंगणात उभा आहे आणि कोणालाही जवळ येऊ देत नाही. तो दारूच्या अमलाखाली असेल, बांधावरून भावाशी हातघाईवर आलेला असेल किंवा महिनोन्‌महिने मनाच्या आजाराने ग्रासलेला आणि डॉक्टरांपर्यंत कधीच न पोहोचलेला असेल. शिपाई एका सोबत्याला घेऊन निघतो. त्याच्याजवळ ढाल नाही, अंगात संरक्षक जाकीट नाही. भोवती गाव जमलेले आहे आणि ‘साहेब, धरा की त्याला’ असे लोक ओरडत आहेत. त्याच्यापुढे दोनच मार्ग दिसतात : मागे फिरून भित्रा ठरणे किंवा पुढे होऊन प्रहार करणे. थांबावे, अंतर राखावे, आडोसा घ्यावा, बोलत राहावे आणि वेळ जाऊ द्यावा, असा तिसराही मार्ग आहे. पण तो त्याला कोणी पुरेसा शिकवलेला नसतो. आपल्या पोलीस व्यवस्थेचा खरा प्रश्न या तिसऱ्या मार्गाचा आहे.

हा प्रश्न वाडीपुरता मर्यादित नाही, हे ३० ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईच्या पवई भागात दिसून आले. अभिनयाच्या चाचणीसाठी म्हणून बोलावलेल्या १७ मुलांना आणि दोन मोठ्या माणसांना एका इसमाने स्टुडिओत ओलीस धरले. शासनाकडून आपल्या कामाचे पैसे येणे आहे, अशी त्याची तक्रार होती. पोलिसांनी प्रथम बोलणी केली. ती निष्फळ ठरल्यावर ते स्नानगृहाच्या वाटेने आत शिरले आणि एका अधिकाऱ्याच्या गोळीने तो इसम मरण पावला. सर्व ओलीस सुखरूप सुटले. ही पोलिसांची मोठी कामगिरी होती आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु त्या इसमाजवळ एअरगन होती, हे कळल्यावर ‘त्याला जिवंत पकडता आले नसते काय?’ हा प्रश्न विचारला गेला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. बंद दाराआड घडलेल्या त्या क्षणाविषयी बाहेरून निकाल देण्याचा येथे हेतू नाही. मात्र असा प्रश्न विचारणारा प्रत्येकजण गुन्हेगाराचा कैवारी आहे, असे मानण्याची जी वृत्ती समाजात बळावत आहे, तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

या वृत्तीचे मूळ शोधताना सतरा वर्षे मागे जावे लागते. २७ ऑक्टोबर २००८ रोजी मुंबईत कुर्ल्याजवळ बेस्टच्या दुमजली बसमध्ये पाटण्याहून आलेल्या राहुल राज नावाच्या तरुणाने गावठी पिस्तूल काढले. त्याच्या गोळीने एक प्रवासी जखमी झाला. पोलीस आयुक्तांशी बोलण्यासाठी मोबाइल द्या, अशी मागणी तो करीत असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. पोलिसांनी बसला घेरले आणि गोळीबारात तो ठार झाला. त्या दिवसांत परप्रांतीयांच्या प्रश्नावरून वातावरण तापलेले होते. त्यामुळे या घटनेकडे पोलिसी कार्यपद्धतीचा प्रश्न म्हणून फारसे कोणी पाहिलेच नाही. एका प्रांताने तिला खून म्हटले, दुसऱ्याने तिचे समर्थन केले. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील हे सांगली जिल्ह्यातील अंजनीचे, साध्या राहणीमुळे लोकांना आपलेसे वाटणारे पुढारी. गोळीचे उत्तर गोळीनेच दिले जाईल, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आणि त्यांना टाळ्याही मिळाल्या. पाटलांच्या सचोटीविषयी विरोधकांनीही शंका घेतली नाही. म्हणूनच त्यांच्या तोंडचे ते वाक्य अधिक दूरवर गेले. ठाण्यातल्या शिपायापर्यंत ते आदेशासारखे पोहोचले.

आणि नियतीची योजना अशी, की त्या वाक्याला बरोबर एक महिना होत असताना सातारा जिल्ह्याच्या एका सुपुत्राने त्याचे उत्तर दिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास गिरगाव चौपाटीवरील नाकेबंदीत दोन दहशतवाद्यांची मोटार अडवली गेली. एकजण पोलिसांच्या गोळीने टिपला गेला. दुसरा अजमल कसाब. त्याच्यावर झेप घालून त्याच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे हे जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. सैन्यात नोकरी करून पोलिसांत आलेले हे सहाय्यक फौजदार. गोळ्या त्यांच्या शरीरात शिरत राहिल्या, पण नळीवरची पकड सुटली नाही. सहकाऱ्यांनी कसाबला लाठ्यांनी लोळवले आणि मग लाठ्या थांबल्या. त्याला इस्पितळात नेण्यात आले. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

लाठ्या थांबल्या, या गोष्टीचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. शहर जळत होते, सहकारी मारले गेले होते, समोर पडलेला माणूस निःसंशय खुनी होता. त्या क्षणी त्याला संपवले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु तो जिवंत राहिला आणि एका देशाच्या हाती सर्वांत मोठा पुरावा आला. हल्ल्याचा कट कुठे शिजला, माणसे कुठे तयार झाली, समुद्रमार्गे कशी आली, हे त्याच्या जबानीतून उलगडले. जे आधी साफ नाकारले जात होते, ते नाकारणे जगापुढे अशक्य झाले. विशेष न्यायालयाने २०१० मध्ये शिक्षा सुनावली, २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. गोळीने जे काही क्षणांत संपले असते त्याला चार वर्षे लागली. पण त्या चार वर्षांनी भारताच्या न्यायव्यवस्थेची प्रतिष्ठा जगात वाढवली.

मात्र ओंबळे यांच्या बलिदानातून चुकीचा धडा घेता कामा नये. प्रत्येक शिपायाने उघड्या हातांनी बंदुकीवर झेप घालावी, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही. हौतात्म्य ही अपवादाची गोष्ट आहे. तिच्यावर व्यवस्था उभी करता येत नाही. एका माणसाने प्राण देऊन जे साधले ते दुसऱ्या शिपायाला प्राण न देता कसे साधता येईल, हे पाहणे शासनाचे काम आहे. २६ नोव्हेंबरनंतर शासनाने काय केले? ‘फोर्स वन’ ही कमांडो तुकडी उभारली. ते आवश्यकच होते. पण कमांडो पोहोचेपर्यंत घटनास्थळी जो उभा असतो तो ठाण्याचा शिपाई, आणि बहुतेक प्रसंगांचा निकाल त्याच्या पहिल्या दहा मिनिटांतील वागण्यावर ठरतो.

कायदा काय सांगतो

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. अटकेला विरोध करणाऱ्याला पकडण्यासाठी आवश्यक ते बळ वापरण्याचा अधिकार पोलिसांना आहे. परंतु ज्याच्यावर मृत्युदंडाच्या वा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार या तरतुदीने मिळत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये हे होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्येही तेच आहे. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसाला इतर नागरिकांसारखाच आहे. पण त्यालाही गरजेपुरत्याच बळाची मर्यादा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ तर याहून पुढे जातो. आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोकादायक ठरणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घ्यावे, तिला कोठडीत न डांबता चोवीस तासांच्या आत रुग्णालयात न्यावे, असे त्याचे कलम १०० सांगते. किती ठाण्यांच्या भिंतीवर हे कलम लिहिलेले आढळेल?

मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांतील सुमारे १३५ मृत्यू यांतून जो खटला उभा राहिला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. गुन्ह्याची नोंद करावी, तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, हे त्यात आहेच. परंतु आणखी एक सूत्र विशेष मार्मिक आहे : घटनेपाठोपाठ संबंधितांना शौर्यपदके वा बढत्या देऊ नयेत. सत्कार लवकर झाला की सत्य मागे राहते, हे न्यायालयाने ओळखले होते.

वेळ हेच शस्त्र

जगातील पोलीस दलांनी हा धडा रक्त सांडूनच घेतला आहे. १९७२ च्या म्युनिच ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरण्यात आले, तेव्हा जर्मन पोलिसांनी विमानतळावर अपुऱ्या तयारीने गोळीबार सुरू केला आणि जिवंत उरलेले सर्व ओलीस त्या रात्री मारले गेले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी त्यापासून बोध घेतला. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनमधील एका दुकानात दरोडेखोर अडकले. दुकान शस्त्रांनी भरलेले होते आणि एक पोलीस मारला गेला होता. तरीही पोलिसांनी आत घुसण्याची घाई केली नाही. सत्तेचाळीस तासांच्या वेढ्यानंतर ओलीस सुटले आणि दरोडेखोर जिवंत हाती आले. त्याच वर्षी हार्वे श्लॉसबर्ग या मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेल्या पोलिसाच्या साह्याने तेथे बोलणी करणारे खास पथक तयार झाले. डिसेंबर १९७५ मध्ये लंडनच्या बाल्कम स्ट्रीटवर आयर्लंडच्या चार सशस्त्र अतिरेक्यांनी एका दांपत्याला घरात कोंडले होते. सहाव्या दिवशी ते चौघे हात वर करून बाहेर आले.

या पद्धतीत गूढ काही नाही. शस्त्र उगारून उभा असलेला माणूस बहुधा संतापाच्या किंवा भीतीच्या शिखरावर असतो. कोणताही माणूस त्या शिखरावर फार काळ राहू शकत नाही. त्याला भूक लागते, तहान लागते, झोप येते, घर आठवते. प्रत्येक तास त्याच्या हातातील शस्त्र जड करीत जातो. म्हणून पोलिसाने वेळ मिळवायचा. वेळ मिळवण्यासाठी अंतर राखायचे आणि अंतर सुरक्षित व्हावे म्हणून आडोसा घ्यायचा. दहाजणांनी दहा हुकूम न सोडता एकानेच शांतपणे, त्याच्या भाषेत बोलायचे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८७ मध्ये चाकू घेतलेला एक मनोरुग्ण तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. पुढच्याच वर्षी तेथे पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांनी एकत्र येऊन अशा प्रसंगांसाठी खास शिकवलेले शिपाई तयार केले. हा प्रयोग तेव्हापासून अनेक शहरांनी उचलला आहे.

या मार्गालाही मर्यादा आहेत. लोणंदहून एस.टी.ने पुण्याला जाणाऱ्यांना स्वारगेटचे स्थानक अनोळखी नाही. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी तेथूनच संतोष माने या चालकाने बस पळवली आणि गजबजलेल्या रस्त्यांवर नऊजणांना चिरडले. तेथे बोलायला वेळ नव्हता आणि अंतर राखायला जागा नव्हती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तरी बस थांबली नाही. शरीफ कुट्टी या विद्यार्थ्याने जिवावर उदार होऊन बसमध्ये शिरकाव केला, तेव्हा ती रोखता आली. शस्त्र जेव्हा चालू असते, माणसे जेव्हा मरत असतात, तेव्हा गोळी हाच उपाय असू शकतो आणि ती झाडणाऱ्या पोलिसाच्या पाठीशी समाजाने निःशंकपणे उभे राहिले पाहिजे. वेगळा विचार हवा आहे तो शस्त्र थांबलेले आहे आणि आपण घाई करीत आहोत, अशा प्रसंगांचा.

‘पोलिसाने क्षणभर कच खाल्ली तर तोच मरेल’ हा आक्षेप म्हणूनच गंभीरपणे घेतला पाहिजे. तो खराही आहे. किंबहुना ‘पायावर गोळी का मारली नाही?’ असे घरात बसून विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की अपुऱ्या प्रकाशात, भेदरलेल्या मनाने, हलत्या पायावर नेम धरणे चित्रपटात दिसते तितके सोपे नसते. परंतु याच कारणासाठी शहाणपण त्या क्षणाच्या आधी दाखवावे लागते. कोयतेवाल्यापासून तीन हातांवर उभा असलेला शिपाई विचार करू शकत नाही. पंधरा पावलांवर, भिंतीआड, हाती ढाल घेऊन उभा असलेला करू शकतो. बोलणे हे पोलिसाच्या जिवाच्या विरुद्ध नाही. तेच त्याच्या जिवाचे पहिले संरक्षण आहे. उलट, पकडलेला माणूस ताब्यात असताना मरतो तेव्हा मात्र प्रश्न टाळता येत नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीने ठार झाला. त्याने पिस्तूल हिसकावले, असे पोलिसांचे म्हणणे होते. इतक्या पोलिसांना एकटा माणूस आवरता आला नाही काय, असे उच्च न्यायालयाने विचारले आणि पुढे दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पाच पोलिसांवर ठपका ठेवण्यात आला.

त्या आरोपावरचा संताप अतिशय न्याय्य होता. पण संताप आणि न्याय यांतले अंतर मिटले की काय होते, हे डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ दिसले. अत्याचार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने मात्र २०२२ मध्ये उजेडात आलेल्या अहवालात, तो गोळीबार मृत्यू घडवण्याच्या हेतूनेच केला गेला, असा निष्कर्ष नोंदवला. फुले उधळणाऱ्यांत शिकलेली माणसे होती, शिक्षक होते, विद्यार्थी होते. न्यायालयांतील दिरंगाईने ती वैतागली होती, हे खरे. पण ज्या दिवशी आपण न्यायाचे काम पोलिसाच्या पिस्तुलावर सोपवतो, त्या दिवशी त्या पिस्तुलापुढे उभा असलेला माणूस दोषी आहे की निर्दोष, हे विचारण्याचा आपला हक्कही आपण सोडून देतो.

काय करता येईल

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. नाशिकची पोलीस अकादमी असो की तासगाव तालुक्यातील तुरचीचे प्रशिक्षण केंद्र असो, कवायत आणि नेमबाजी यांच्या बरोबरीने बोलून शस्त्र खाली ठेवायला लावण्याची तालीम प्रत्येक शिपायाला द्यावी आणि ती दरवर्षी उजळावी. प्रत्येक ठाण्यात चार ढाली, चार शिरस्त्राणे, लांब काठ्या आणि संरक्षक जाकिटे असावीत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाशी रात्रीबेरात्री बोलता येईल, अशी व्यवस्था प्रत्येक ठाणे अंमलदाराकडे असावी. जमाव आणि मोबाइलवर चित्रण करणारे यांना दूर हटवणे, हे बंदोबस्ताचे पहिले कर्तव्य मानावे. कारण बघ्यांपुढे माघार घेणे शस्त्रधाऱ्यालाही जड जाते आणि पोलिसालाही. गोळीबाराच्या प्रत्येक घटनेचा अहवाल शासनाने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गोळी न झाडता शस्त्रधाऱ्याला जिवंत पकडणाऱ्या शिपायाची नोंद त्याच्या सेवापुस्तकात तितक्याच ठळकपणे व्हावी. आज ज्या प्रसंगात काहीच घडले नाही, त्याची बातमी होत नाही आणि पदकही मिळत नाही. वस्तुतः काहीच न घडू देणे, हेच त्या शिपायाचे कर्तृत्व असते.

गावानेही आपला वाटा उचलला पाहिजे. कोयता घेऊन अंगणात उभा राहिलेला माणूस त्या रात्री आकाशातून पडत नाही. त्याचा आजार, त्याचे व्यसन, त्याच्या बांधाचा वाद गावाला कित्येक महिने ठाऊक असतो. शिक्षकाला, तलाठ्याला, ग्रामसेवकाला तो ठाऊक असतो. वेळीच कोणी त्याला दवाखान्यात नेले असते, वादाची मोजणी वेळेवर झाली असती, तर शिपायाला त्या अंगणात जावेच लागले नसते. आपण सगळे जेथे कमी पडतो, तेथे शेवटी पोलीस जातो. आणि मग त्याने तो गुंता एका गोळीने सोडवावा, अशी आपण अपेक्षा करतो.

पुढच्या आषाढवारीतही लोणंदच्या रस्त्यावर तो शिपाई लाठी आडवी धरून उभा असेल आणि त्याच्या शब्दावर माणसे मागे सरतील. तोच शब्द, तोच धीर त्याला त्या रात्रीच्या अंगणातही वापरता यावा, एवढे शिक्षण आणि एवढी साधने आपण त्याला दिली पाहिजेत. केडंब्याच्या त्या फौजदाराने बंदुकीची नळी धरून ठेवली, ती मारण्यासाठी नव्हे, जिवंत पकडण्यासाठी. त्याच्या स्मारकाला हार घालणाऱ्या राज्याने त्याचा हा अर्थ विसरू नये.